अकरा दुधाचे दात

कवळीवाल्या काकांचा एक नियम होता आणि तो मोडायला लावण्याची कुणाची टाप नव्हती: फुकट कवळी करायची नाही. सख्खा भाऊ येवो, नाहीतर साक्षात ब्रह्मदेव येवो. एरवी माणूस वाईट नव्हता. कुणाचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं असलं तर सगळ्यात आधी बाह्या सरसावणार, कुणी आजारी असलं तर दवाखान्यात रात्रभर बसणार. पण दात फुकट नाहीत म्हणजे नाहीत. लोक म्हणायचे, कंजूष आहे. काका म्हणायचे, म्हणा.

त्यांची कामाची खोली दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागे, तीन पायऱ्या उतरून होती. खिडकीपाशी टेबल, टेबलावर मेण वितळवायचा छोटा दिवा, बाजूला घासायचं मशीन आणि पॉलिशचं चाक. भिंतींवर सगळ्या फळ्याच फळ्या, आणि फळ्यांवर ओळीने प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. माणसं वर बाईंकडे यायची, खाली यायचं ते फक्त त्यांच्या तोंडाचं माप. त्यामुळे काका निम्म्या गावाला हिरड्यांवरून ओळखत आणि चेहऱ्यावरून एकालाही नाही. रस्त्यात कुणी नमस्कार केला की बिचारे गोंधळून बघत राहायचे. समोरच्याने आ केलं असतं तर लगेच ओळखलं असतं.

काका म्हणजे एकटा जीव सदाशिव. शाळेला सुट्टी लागली की धाकटा भाऊ आणि भावजय कामावर जाताना आपली मुलगी त्यांच्याकडे सोडून जायचे. मुलगी सात वर्षांची. वरचे पुढचे दोन्ही दात पडले होते म्हणून वर्गात तिला खिडकी म्हणत, आणि तिला ते नाव इतकं आवडलं होतं की वहीवरसुद्धा तिने तेच घातलं होतं. 'मला येत नाही' हे वाक्य त्या पोरीने जन्मात उच्चारलं नव्हतं. पोहता येतं का विचारलं तर म्हणायची, "येतं. अजून पाण्यात उतरले नाही, एवढंच."

तर यंदा सुट्टीच्या पहिल्याच सकाळी ती आली आणि तिने टेबलावर खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी ठेवली.

"काका, दात आणलेत."

काकांनी झाकण उघडलं. आत कापसावर अकरा दुधाचे दात मांडून ठेवलेले होते.

"कुणाचे हे?"

"वर्गाचे. तीन माझे आहेत. अजून दोघांचे हलतायत. ते रोज हलवतायत, सुट्टी संपायच्या आत पाडतो म्हणालेत."

"आणि ह्यांचं करायचं काय?"

"शिट्टीआजोबांची कवळी," खिडकी म्हणाली आणि तिने पिशवीतून दुसरी वस्तू काढली. खेळायच्या मातीचे दोन गोळे होते ते, लाल, निळा आणि पिवळा असे तीन रंग एकमेकांत मिसळलेले, घोड्याच्या नालेसारखे वाकवलेले. "हे माप. मीच घेतलं. त्यांनी आ केलं आणि मी दाबलं. वरचं चांगलं आलंय. खालचं घेताना त्यांना हसू आलं, म्हणून ते जरा वाकडं आहे."

काकांनी तीस वर्षांत हजारो मापं बघितली होती, पण असलं तिरंगी माप पहिल्यांदाच बघितलं. वरच्या बाजूला हिरडीची कड स्वच्छ उमटली होती. मधोमध खिडकीचा अंगठा.

शिट्टीआजोबा म्हणजे शाळेच्या फाटकावरचे रखवालदार. शाळा भरताना आणि सुटताना ते भर रस्त्यात उभे राहायचे. एका हातात 'थांबा' लिहिलेली पाटी, दुसऱ्या हातात पहिलीतल्या एकदोन चिमुरड्यांची मनगटं, आणि शिट्टी दातांत. हात मोकळा ठेवायची सोयच नव्हती. पण दात एकेक करून गेले, यंदा शेवटचाही गेला आणि शिट्टी ओठांत ठरेना. हाताने धरावी तर एकतर पाटी सुटते नाहीतर पोर सुटतं. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात पोर सुटलं. एका गाडीने करकचून ब्रेक लावला. पोराला काही झालं नाही, पण फाटकाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते बघितलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी आजोबांना बोलावून सांगितलं: सुट्टीनंतर पहिल्या दिवशी शिट्टी वाजली पाहिजे, नाही वाजली तर फाटकावर दुसरा माणूस ठेवावा लागेल. बाईंचं तरी काय चुकलं? आणि आजोबा असे मानी, की उपाशी राहतील पण कुणाकडे चमचाभर साखर मागणार नाहीत.

"मी आजोबांना सांगून टाकलंय," खिडकी म्हणाली. "शाळा उघडेल त्या दिवशी दात असतील."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? तुम्हाला येतं ना?"

"येतं. पण मी फुकट करत नाही."

"फुकट कुठे? दात आम्ही आणलेत."

काकांनी तिला समजावलं, की दुधाच्या दातांची कवळी होत नसते, कवळीचे दात कारखान्यात बनतात, पाकिटातून येतात. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, ते पाकिटातले घ्या. काका म्हणाले, नाही. ती म्हणाली, का? काका म्हणाले, नियम आहे. दाताच्या कण्या केल्या बिचाऱ्यांनी.

"बरं," खिडकी म्हणाली. रुसली नाही, फुगली नाही. "मग मी करते. मला कोपरा द्या आणि मेण द्या. तीन सुट्ट्या मी बघतेच आहे, मला येतं."

आणि खरंच स्टूल ओढून बसली की.

काकांना वाटलं, तासाभरात कंटाळेल. कसली कंटाळते. दुसऱ्या दिवशीही आली आणि बसली. गुलाबी मेणाची पट्टी हातात मळून मऊ केली, तिची नाल केली आणि जीभ बाहेर काढून एकेक दात त्यात रोवायला लागली. एखादा आडवा पडला की काढायची आणि पुन्हा लावायची. शीळ घालायचाही प्रयत्न चालू होता, पण खिडकीतून नुसती हवाच जात होती.

काकांचं लक्ष कामात लागेना. डोळा सारखा कोपऱ्याकडे जात होता. दयेने नव्हे हो, अजिबात नव्हे. त्यांना ते बघवत नव्हतं. तीस वर्षं ज्याने दात ओळीत लावले त्याच्यासमोर कुणी सुळा पुढच्या दाताच्या जागी लावतंय म्हणजे काय? दुपारपर्यंत त्यांनी दम धरला.

"तो सुळा आहे," शेवटी ते म्हणाले. "तो तिथे बसत नाही."

"मग कुठे?"

"अगं, कोपऱ्यावर. वळणाशी. आण इकडे."

चिमटा हातात घेतला आणि काका फसले. खिडकी म्हणजे बोट दिलं की हात धरणारी. पंधरा मिनिटांत दोघं एकाच टेबलावर वाकली होती, आणि काका तिला वरचा दात खालच्या दातावर किती पुढे यावा ते समजावत होते.

लहान चिमटा हवा म्हणून तिने खालचा खण उघडला, आणि तिच्या हाताला लागली रुमालात गुंडाळलेली कवळी.

"ही कुणाची?"

काकांनी चिमटा खाली ठेवला. "तुझ्या आजोबांची."

"नवीकोरी दिसतेय."

"वापरलीच नाही त्यांनी."

ही गोष्ट काकांनी कुणाला सांगितली नव्हती. नवीन काम शिकले तेव्हा पहिली चांगली कवळी त्यांनी वडिलांसाठी केली होती, महिनाभर खपून. वडिलांनी घातली, आरशात बघितलं आणि म्हणाले, "झकास." नंतर जेवताना काढून ठेवायचे, म्हणायचे, जपून वापरतोय. ते गेल्यावर कपाट आवरताना काकांना ती सापडली, ह्याच रुमालात, ह्याच घडीत. त्यांनी ती उजेडात धरली आणि त्यांना लगेच कळलं. डावीकडे एक कड राहून गेली होती. नखाएवढी. दोन मिनिटं मशीनवर धरली असती तर गेली असती. त्या कडेपायी म्हाताऱ्याने शेवटची वर्षं सगळं कुस्करून खाल्लं. एकोणीस वर्षं झाली त्याला, तरी काकांना त्या रुमालाची घडी उलगडताना अजून भरून येत असे. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम केला तो केला.

"टोचत असणार त्यांना," काका म्हणाले. "पण बोलले नाहीत. गिऱ्हाईक असते तर दुसऱ्या दिवशी येऊन भांडले असते. मुलाने प्रेमाने दिलेली, फुकटची, मग कसं बोलणार? म्हणून मी फुकट करत नाही. फुकटच्या कवळीला टोचते असं कुणी म्हणत नाही, आणि टोचली नाही अशी पहिल्या दिवसाची कवळी जगात नाही."

खिडकीने कवळी उलटीपालटी करून बघितली. "तुम्ही विचारलं होतं त्यांना?"

"विचारलं होतं तर. म्हटलं, बाबा, छान बसली ना?"

"हे कुठे विचारणं झालं?" खिडकी म्हणाली आणि पुन्हा मेणाकडे वळली.

काकांनी कवळी परत रुमालात गुंडाळली. मग उठले, हात धुतले आणि तीन पायऱ्या चढून डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाई म्हणाल्या, "माप मी घेते, खरं माप. दातांचं पाकीटही माझ्याकडून. पण तुमचा नियम होता ना?"

"नियम आहेच," काका म्हणाले. "ही फुकट नाही. अकरा दात आलेत."

शिट्टीआजोबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, आणि दारातच उभे राहिले. बरोबर खिडकी आणि तिच्या वर्गातली तीन पोरं, सगळ्यांच्या तोंडात कुठे ना कुठे भगदाड.

"मुलांनी हट्ट केला म्हणून आलोय," आजोबा काकांना म्हणाले. तोंडाचं बोळकं झाल्याने शब्द मऊ पडत होते. "पण मला हे घेता येणार नाही, साहेब. आजवर मी कुणाचं काही घेतलं नाही."

"पण आजोबा, आम्ही दात देऊन टाकलेत," खिडकी म्हणाली. "ते आता आम्हाला परत बसत नाहीत."

आजोबांनी डबीत बघितलं. मग चारी पोरांच्या तोंडांकडे बघितलं. निमूटपणे वर जाऊन खुर्चीत बसले.

पुढचे दोन आठवडे काकांनी दुसरं काम बाजूला सारलं. साचा केला, मेणात दात लावले, आजोबांना बोलावून घालून बघितले, मग गुलाबी प्लास्टिक भरून शिजवलं, घासलं, चमकवलं. खिडकी शेजारी बसून देखरेख करत होती, जणू काका तिच्या हाताखाली कामाला होते. पाकिटातले दात लावले ह्याचं तिला वाईट वाटलं का, असं काकांनी भीतभीत विचारलं. ती म्हणाली, "नाही. आमचे कुठल्यातरी बाळाला होतील. बाळांना दात नसतातच."

शाळा उघडायला चार दिवस राहिले तेव्हा कवळी तयार झाली. आजोबांनी ती घातली आणि आरशात बघितलं. गाल भरले, ओठ जागेवर आले, दहा वर्षांनी माणूस तरुण झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"झकास," आजोबा म्हणाले.

काकांनी चमकून वर बघितलं. तोच शब्द, तोच सूर. आणि आजोबांचा हात खिशाकडे गेला होता, रुमाल चाचपत होता.

"टोचतंय का कुठे?" काकांनी विचारलं.

"छे छे. मुळीच नाही."

"अगदी थोडंसं?"

"नाही हो, साहेब. आणि धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात," आजोबा हसत म्हणाले आणि कवळी काढून रुमालात ठेवायला लागले. "जपून वापरीन."

आता काय म्हणायचं? मोठ्या माणसाला खोटं बोलताय असं कसं म्हणायचं? वडिलांनी 'झकास' म्हटलं तेव्हा जसे उभे होते तसेच काका आत्ता उभे राहिले.

पण खिडकीला असली कसली अडचण नव्हती. तिने रुमाल आजोबांच्या हातातून काढून घेतला. "घाला परत. आणि चावा. हं, आता तुमचा डावा डोळा बारीक झाला."

"सवयच आहे ती."

"नाही. माझा दात दुखायचा तेव्हा माझापण व्हायचा. आ करा." तिने टेबलावरचा टॉर्च घेतला. चार डोकी एकदम आजोबांच्या तोंडात डोकावली. "हे बघा, काका, इथे लाल झालंय. आजोबा, तुम्ही खोटं बोललात ना, तर शिट्टी वाजणार नाही. मग तुम्हाला काढतील, आणि आमचे दात फुकट जातील."

आजोबांनी मान खाली घातली. त्यांचे कान लाल झाले होते. मग अगदी हळू म्हणाले, "डावीकडे. थोडं."

काकांनी कवळी घेतली आणि मशीनकडे वळले, आणि बरं झालं वळले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते. हे दोन शब्द ऐकायला एक माणूस एकोणीस वर्षं थांबला होता. आपल्या बापाच्या तोंडून नाही तर नाही, पण ऐकायला मिळाले.

नखाएवढी कड होती. मशीनवर धरली, गेली. आजोबांनी पुन्हा घातली. "आता मागे," म्हणाले. ती घासली. "आता पुढे जिभेला लागतंय." तीही घासली. एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर आजोबांनी हातचं राखून ठेवलं नाही, पाच वेळा कवळी मशीनवर गेली. मग खिडकीने खिशातून शिट्टी काढली. आजोबांनी दातांत धरली, छाती भरून श्वास घेतला आणि जोरात फुंकली. शिट्टी, आणि तिच्यामागोमाग वरची कवळी, दोन्ही थेट समोरच्या फळीवर जाऊन जबड्यांच्या ओळीत बसल्या.

आधी आजोबाच हसायला लागले, बोळक्या तोंडाने, पोट धरून. मग पोरं, आणि मग काकाही. वरून डॉक्टरीणबाई काय झालं ते बघायला खाली आल्या.

"फुंकायची कशी ते शिकावं लागेल," खिडकी म्हणाली. "मी शिकवते."

जिला स्वतःला शीळ येत नव्हती ती शिकवणार होती. आणि शिकवलं तिने. तीन दिवस रोज सकाळी आजोबा यायचे. दाढांनी धरा, जीभ मागे घ्या, हळू फुंका, असं पोरगी सांगायची आणि आजोबा करायचे. कवळी कुठे ढिली, कुठे घट्ट, काका घासून, भरून देत होते. तिसऱ्या दिवशी एक बारीक आवाज निघाला. मोठा मात्र निघालाच नाही. आजोबा निघताना म्हणाले, "बघू उद्या," आणि त्या रात्री काकांना काही धड झोप लागली नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी काका काम टाकून फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मोठ्या बाई फाटकाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. काकांच्या बाजूला पोरांचा घोळका जमला होता, खिडकी सगळ्यांत पुढे. आजोबा रस्त्यात उतरले. उजव्या हातात पाटी, डाव्या हातात पहिलीतली दोन चिमुरडी, दातांत शिट्टी. वळणावरून मालाचा एक ट्रक येत होता.

शिट्टी वाजली. अशी वाजली, की ट्रक जागच्या जागी थांबला, एक सायकलवाला उगाचच उतरला आणि मोठ्या बाईंनी दचकून कानांवर हात ठेवले. पोरं रांगेने रस्ता ओलांडून गेली. जाता जाता खिडकी बाईंना म्हणाली, "वाजली." बाई म्हणाल्या, "ऐकलं गं, बाई, ऐकलं," आणि हसत आत गेल्या.

रस्ता मोकळा झाल्यावर आजोबांना काका दिसले. त्यांनी शिट्टी काढली आणि इतक्या लोकांसमोर, रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "काका, उजवीकडे अजून टोचतेय बरं का. नीट काम करा जरा."

काकांना इतका आनंद झाला म्हणता.

"संध्याकाळी या," ते ओरडून म्हणाले. "घासून देतो."

संध्याकाळी आजोबा आले, बरोबर खिडकीही आली. तिने ती पत्र्याची डबी पुन्हा टेबलावर ठेवली. आता आत तेरा दात होते.

"काका, कपडे धुणाऱ्या आजींचे खालचे दात नाहीत," ती म्हणाली. "मी त्यांना सांगून टाकलंय."

काकांनी मशीन बंद केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "कधीपर्यंत?"